अंगणवाडीतील सहा दिवस

हजेरीपट हे वस्तुतः रुक्ष पुस्तक. मुख्याध्यापकाच्या टेबलावर साचणाऱ्या कागदांपैकी ते एक. सही करावी आणि वर्गाकडे परत धाडावे, एवढाच त्याचा आणि आमचा संबंध. परंतु एका महिनाअखेरीस पाचवी, सहावी आणि सातवी या तिन्ही वर्गांचे हजेरीपट आमच्यापुढे शेजारी शेजारी उघडे पडले आणि एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी आली. सहा मुली नेमक्या त्याच त्याच दिवशी गैरहजर होत्या. त्या एका घरच्या नव्हत्या, एका गल्लीतल्या नव्हत्या, एका जातीच्याही नव्हत्या. त्या दिवशी गावात जत्रा नव्हती की लग्न नव्हते. मुलींना बोलावून विचारले. पाच जणी अंगठ्याने जमीन उकरीत उभ्या राहिल्या. सहावी जरा धीट होती. ती म्हणाली, "त्या दिशी अंगणवाडी बंद हुती, सर. बारक्याला कोण बघणार?"

आमच्या शाळेची मागची भिंत आणि अंगणवाडीचे दार यांत एका चिंचेचे आणि फार तर दहा पावलांचे अंतर आहे. त्या बाजूने येणारा कलकलाट आम्ही कित्येक वर्षे खिडकी लावून घेऊन थोपवीत आलो. आपल्या सातवीच्या पटाचा दोर त्या कलकलाटाला बांधलेला आहे, हे आम्हांस एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने सांगावे लागले. त्यानंतरच्या सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज सकाळचा पहिला तास, आणि जमेल तेव्हा दुपारची घटकाभर, आम्ही तेथे जाऊन बसलो. तेथल्या सेविकेस मुले 'अक्का' म्हणतात. पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो. अक्का हा शब्द मराठी घरातही थोरल्या बहिणीचा आणि कानडी घरातही थोरल्या बहिणीचा, त्यामुळे आमच्या भागात त्याला दुभाष्या लागत नाही.

गाव निपाणीपासून फारसे दूर नाही. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण या टापूतील पुष्कळ गावांना हेच वर्णन लागू पडेल. काळी जमीन, तंबाखू आणि ऊस. घरोघरी सुपात तेंदूची पाने आणि विड्या वळणाऱ्या बायका. बोलणे मराठी, कचेरीचा कागद कानडी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. बेळगावचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. त्या वादाची फाईल २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तिची चर्चा करण्यास आमच्याहून अधिकारी माणसे आहेत. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते तीन फुटांहून कमी उंचीच्या नागरिकांविषयी.

सोमवारी पहिल्यांदा नजरेस पडली ती दारावरची पाटी. अक्षरे कानडी. कानडी वाचता येणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने ती वाचून दाखविली, तेव्हा त्यात एक शब्द तंतोतंत आपला निघाला, 'अंगणवाडी'. हा शब्द आज देशभर सरकारी कागदांवर आहे. पण त्याचा जन्म बोर्डीचा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस आल्या आणि त्यांनी ग्रामबालशिक्षण केंद्र काढले. हरिजन वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा मुले येत नाहीत म्हणून शेरा लिहून मोकळे होण्याऐवजी ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरली म्हणून अंगणवाडी. पुढे १९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. त्यात म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर हे एक होते. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. म्हणजे आमच्या गावात कानडी पाटीवरून जो शब्द आला, तो डहाणूकडच्या अंगणातून निघून दिल्लीमार्गे बंगळूरला जाऊन मग निपाणीस पोहोचला. शब्दांचे प्रवास असेच वळणावळणाचे असतात. आपण ज्याला अस्सल मराठी समजतो ते 'तूप'सुद्धा कानडीकडून आपल्या ताटात आले, असे व्युत्पत्तिकार सांगतात.

सोमवार हा रडण्याचा दिवस. रविवारी घरी राहिलेले मूल सोमवारी आईच्या पदराला नव्याने चिकटते. मदतनीस बाई सकाळी गल्लीतून फिरत येतात. एक कडेवर, दोन बोटाला धरून, आणि मागे चार-पाच आपणहून चालत आलेली, अशी ती दिंडी चिंचेखाली पोहोचते. मग हातपाय धुणे, नाके पुसणे, एखादीच्या वेणीतील उवांकडे अक्कांचे लक्ष जाणे आणि त्यांनी ते चारचौघांत न बोलता आईला बाजूला घेऊन सांगणे. त्या सोमवारी एक मुलगा दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभा होता. अक्कांनी त्याला ओढले नाही, खाऊ दाखविला नाही, की "बघ, हेडमास्तर आलेत" असे आमचे भयही घातले नाही. त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसून त्या दुसऱ्या मुलांशी बोलू लागल्या. वीस मिनिटांनी त्याचा एक हात सुटला. अर्ध्या तासाने दुसरा. २०२४ साली केंद्र सरकारने तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रम काढला. त्यात वर्षाचे ४८ आठवडे धरून ३६ शिकण्याचे, ८ उजळणीचे आणि आरंभीचे ४ निव्वळ रुळण्याचे मानले आहेत. ते वाचून आम्हांला प्रथम नवल वाटले होते, की रुळण्याला चार आठवडे कशाला? त्या उंबऱ्यावर ते कळले.

यावरून आठवण होते ती करोनाच्या काळाची. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या अंगणवाड्या आमच्या राज्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडल्या. शिधा घरपोच मिळत होता. पण चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील वीस महिने म्हणजे जवळजवळ निम्मे आयुष्य. अक्का सांगतात की त्या वर्षी आलेली मुले एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसायलाच तयार नव्हती. ती पुढे आमच्या पहिलीत आली, तेव्हा त्यांना बेरजा येत नाहीत म्हणून आम्ही कुरकुरलो. रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईतो थांबणे, दुसऱ्याची वस्तू मागून घेणे या गोष्टी कुठे तरी शिकाव्या लागतात, हे आमच्या डोक्यात आलेच नव्हते.

त्या आठवड्याचा विषय होता पाळीव प्राणी. कर्नाटकातील अंगणवाड्यांना 'चिली पिली' नावाची कृतिपुस्तके आहेत. चिली पिली म्हणजे पाखरांची चिवचिव. एकेका विषयाभोवती गाणी, गोष्टी, चित्रे आणि खेळ गुंफावयाचे, अशी रीत. अक्कांनी कुत्र्याचे चित्र वर धरले आणि कानडीत सांगितले, "नायी." पुढे बसलेला एक चार वर्षांचा गृहस्थ ताडकन उठला.

"न्हाई कसं? हाय की! कुत्रं हाय!"

आम्ही हसू दाबू शकलो नाही. कानडीत कुत्र्याला नायी म्हणतात, आणि आमच्याकडचा नकारही उच्चारात तितकाच जवळचा. त्या बालकाच्या दृष्टीने अक्का समोर ढळढळीत दिसणारे कुत्रे नाकारीत होत्या. अक्का मात्र हसल्या नाहीत. "बरोबर," त्या म्हणाल्या, "आपण कुत्रं म्हणतो. हिच्या घरी नायी म्हणतात." आणि त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीकडे बोट दाखविले. ती मुलगी हुक्केरीकडच्या कुटुंबातली; बाप उसाच्या कारखान्यात कामाला. कित्येक दिवस ती तोंडातून शब्द काढीत नव्हती, कारण तिच्या कानी पडणारे सगळेच तिला परके होते. त्या क्षणी वर्गातल्या साऱ्यांचे डोळे तिच्याकडे वळले आणि तिने अगदी हळू म्हटले, "नायी." मग ते कुत्रेही झाले, नायीही झाले, आणि पाच मिनिटे सगळी खोली दोन्ही भाषांत भुंकत होती.

मंगळवारचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. निदान आम्हांला तो पुरा समजल्यावर हसू आले नाही. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. कानडी वर्णमाला. 'आ' या अक्षराखाली हत्ती, कारण कानडीत हत्तीला आने म्हणतात. मोठ्या गटातील एका मुलीला आम्ही, मास्तरकीच्या सवयीने, तक्त्याजवळ नेऊन ते अक्षर दाखविले. तिने चित्राकडे पाहिले आणि आत्मविश्वासाने सांगितले, "ह! हत्तीचा ह!"

ती चुकली का? आम्ही पस्तीसेक वर्षे मुलांना अक्षरे शिकवीत आहोत, आणि आमचे उत्तर नाही असे आहे. हत्तीचे चित्र पाहून तिने मनात शब्द उच्चारला, त्याचा पहिला ध्वनी सुटा केला आणि तो सांगितला. अक्षरशिक्षणाची यापेक्षा शुद्ध क्रिया दुसरी नाही. परंतु जो शब्द घरी कधी ऐकला नाही, त्याचा पहिला ध्वनी मुलाने कोठून आणावा? त्याच्यापुढे मग एकच मार्ग उरतो, पाठांतर. अक्षर म्हणजे बोललेल्या ध्वनीची खूण, हे न कळता ते एक नक्षी म्हणून लक्षात ठेवायचे. अशी नक्षी पाठ केलेली मुले आम्ही पहिलीत पाहतो. तक्ता ती धडाधडा म्हणतात. तक्ता उलटा धरला तरी त्याच क्रमाने म्हणतात.

येथे आमच्यावर एकांगीपणाचा आरोप होऊ नये म्हणून सांगतो. जत किंवा अक्कलकोट तालुक्यातील कानडी घरचे मूल मराठी तक्त्यापुढे उभे केले, तर त्याची हीच गत, फक्त उलट्या बाजूने. आपल्यापैकी पुष्कळांना बेळगावातील कानडी तक्ता खुपतो आणि तो दुसरा तक्ता दिसत नाही. आमच्या गावचा कानडी तक्ता काढून तेथे मराठी लावला, तर हुक्केरीकडच्या त्या मुलीचे काय, याचेही उत्तर द्यावे लागेल. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे सांगणारे ३५० अ हे कलम राज्यघटनेत १९५६ साली आले. पण ते प्राथमिक टप्प्याविषयी बोलते. सहा वर्षांखालच्या मुलांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा उल्लेख ४५ व्या कलमात २००२ च्या दुरुस्तीने आला. त्यात भाषेविषयी शब्द नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ हे वय एकच पायाभूत टप्पा मानते आणि घरच्या भाषेचा पुरस्कार करते. परंतु धोरण दिल्लीत असते आणि तक्ता भिंतीवर असतो.

अक्कांनी यातून स्वतःपुरती वाट काढली आहे. सकाळच्या गप्पा घरच्या भाषेत. गाणी दोन्ही भाषांत, कारण गाण्याला अर्थ लागतो तो हातवाऱ्यांनी. बस, ऊठ, ये, पाणी, दूध हे रोजचे व्यवहार दोन्ही भाषांत. 'हालु' म्हणताच पेले पुढे येतात, त्यासाठी कोणास तक्ता लागत नाही. अक्षरांची घाई मात्र कोणत्याच भाषेत नाही. तक्ता भिंतीवर आहे, तो राहू द्यावा. मुलाचे बोट आपणहून गेले तर सांगावे. कानडी या मुलांना पुढे लागणारच आहे. २०१५ च्या कायद्याने राज्यातील शाळांत कानडी पहिली वा दुसरी भाषा म्हणून शिकविणे आवश्यक झाले, आणि व्यवहारही तेच सांगतो. प्रश्न कानडी शिकावे की नाही हा नाहीच. कान आधी की डोळा आधी, एवढाच आहे. आणि तीन वर्षांच्या मुलाचा कान दोन भाषा सहज पेलतो, हे आम्ही त्या भुंकणाऱ्या खोलीत पाहिले.

बुधवारचे विशेष सांगण्यासारखे नाही. खिचडी होती आणि ती चांगली होती. २०१३ सालापासून क्षीरभाग्य योजनेतून मुलांना दूध मिळते. ते भुकटीचे असल्याने ज्याच्या घरी म्हैस आहे तो नाक मुरडतो आणि ज्याच्या घरी नाही तो पेला चाटतो. अंड्याच्या दिवशी हजेरी वाढते, हे अक्कांनी न विचारता सांगितले. जैन आणि लिंगायत घरांतली काही मुले अंडे घेत नाहीत. पण पंगत एकच असते, आणि कोणाच्या ताटलीत काय आहे याचा जाब कोणी कोणास विचारीत नाही. मोठ्यांच्या पंगतींविषयी असे म्हणता आले असते तर!

गुरुवार आमच्या गावचा बाजार. आम्हांस वाटले, निम्मी मुले नसतील. झाले उलटेच, बाजाराला जाणाऱ्या बायका मुले अंगणवाडीत सोडून जातात. त्या दिवशी अक्कांनी मुलांचाच बाजार मांडला. फडक्यावर भुईमुगाच्या शेंगा, चिंचेचे बुटुक, कांद्याच्या पाती, काड्यापेटीच्या शेळ्या (चार काड्या खोचल्या की शेळी झाली, विषय पाळीव प्राण्यांचा होता ना), आणि पैसे म्हणून चिंचोके. ताराबाईंनी आणि अनुताईंनी मॉन्टेसरीबाईंची महागडी साधने बाजूस ठेवून शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने केली होती. अक्कांनी ताराबाईंचे पुस्तक वाचले असेल असे वाटत नाही. गरिबीने दोघींना एकाच उपायाशी आणले असावे.

एक मुलगी शेळी विकायला बसली होती. गिऱ्हाइकाने चार चिंचोके पुढे केले. तिने ते एकेक करून मोजले आणि म्हणाली, "पाच." तिला पाच हवे होते. गिऱ्हाइकाने चारांतला एक मधे मोडायचा प्रयत्न केला; एकाचे दोन केले की पाच होतील, असा त्याचा हिशेब. चिंचोका मोडेना. मग त्याने शेजाऱ्याकडून एक उसना आणला. हे सगळे घडेतो अक्का गप्प होत्या. आमची जीभ मात्र तीनदा शिवशिवली. पहिलीच्या वर्गात 'चारात एक मिळविला की पाच' हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहितो, मुले ते एका सुरात म्हणतात, आणि आम्ही पुढच्या पाठाकडे वळतो. हे मूल मात्र उधारीसकट पाचापर्यंत पोहोचले होते.

त्या दुपारी एक आजी नातवाला न्यायला आली आणि पायरीवर टेकली. तिचे आयुष्य निपाणीच्या वखारीत गेलेले. बाहेरच्या महाराष्ट्राला निपाणी माहीत आहे ती मुख्यतः १९८१ च्या शरद जोशींच्या तंबाखू-आंदोलनामुळे. परंतु त्याच सुमारास वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि निवडणाऱ्या हजारो बायकांनीही संघटना उभी केली होती, आणि त्यांच्यावर १९८२ साली दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' गटाने माहितीपट काढला. आजीला माहितीपटाचे काही ठाऊक नव्हते. तिला झोळी ठाऊक होती. "वखारीत वाशाला झोळी बांधून लेकरू टाकायचं," ती म्हणाली. "धुरळ्यानं शिंकायचं. शिंकून शिंकून झोपायचं. झोपलं म्हंजी आपलं काम हुयाचं." विडी-कामगारांसाठी १९६६ साली झालेल्या कायद्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. ती कारखान्यापुरती. विडी घरोघरच्या सुपात गेली आणि पाळणाघर कायद्याच्या पुस्तकात राहिले. तेव्हापासून वखारीतल्या झोळीची जागा घेतली ती थोरल्या बहिणीच्या कडेने. आमच्या हजेरीपटातील सहा मुली त्याच होत.

नातवाने आजीला काड्यापेटीची शेळी दाखविली. आजीने ती हातात फिरवून पाहिली आणि गंभीरपणे विचारले, "दूध किती देती?"

शुक्रवारी मुलांहून अधिक वेळ आम्ही अक्कांकडे पाहिले. मुले खेळत असता त्यांच्या हातात मोबाईल होता. २०२१ पासून मुलांची हजेरी, वजन, उंची, आहार हे सारे मोबाईलवर भरावे लागते, आणि चिंचेखाली तरंगा येत नाहीत म्हणून त्या आमच्या शाळेच्या गच्चीवर जातात. आम्हांस आजवर वाटे, बाई गप्पा मारायला वर जातात. वजनकाट्यावर मूल चढवावयाचे, आकडा लिहावयाचा, वाढीच्या आलेखावर ठिपका द्यावयाचा. ठिपका खाली घसरला तर आईशी बोलावयाचे. गरोदर स्त्रियांना दुपारचे जेवण अंगणवाडीत देण्याची मातृपूर्ण योजना २०१७ साली आली. त्या जेवणाचा हिशेबही त्यांच्याकडे. लसीचा दिवस, मतदारयादी, सर्वेक्षणे आहेतच. आणि एवढे करून मिळते ते वेतन नव्हे, मानधन. सेविका आणि मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. योजना सुरू होऊन तेव्हा सत्तेचाळीस वर्षे होत आली होती. मानधन या शब्दात मान किती आणि धन किती, असे आम्ही अक्कांना गमतीने विचारले. त्या म्हणाल्या, "सर, दोन्ही येतं कधीमधी, पण एका महिन्यात येत नाही."

त्या दिवशी सकाळीच पिवळी गाडी चिंचेसमोरून गेली. शेजारच्या मोठ्या गावात इंग्रजी शाळा आहे. ती गाडी साडेतीन-चार वर्षांची मुले गोळा करीत जाते. टाय बांधलेली, पाठीवर दप्तर घेतलेली मुले खिडकीतून अंगणवाडीकडे पाहतात आणि अंगणवाडीची मुले गाडीकडे. पालकांना आम्ही दोष देत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले, की मुलाच्या शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा. आणि ज्या घरात तंबाखूच्या पैशाने मुलगा दहावीपर्यंत शिकून बेकार बसला आहे, ते घर धाकट्यासाठी दुसरी वाट धुंडाळणारच. आमच्या पेशातील किती जणांची नातवंडे त्या गाडीत बसतात, हे आम्ही मोजलेले नाही. मोजले तर आमचे नावही त्या यादीत लिहावे लागेल. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्या गाडीतील मुलांना लिहावयाचा अभ्यास असतो. अंगणवाडीतील मुलांना तो नसतो म्हणून गावात अंगणवाडीला 'नुसतं खेळणं' म्हणतात. नुसत्या खेळण्यात गुरुवारी काय काय घडले, ते वर आलेच आहे.

शनिवार अर्ध्या दिवसाचा. आठवडाभर पाहिलेले पुन्हा एकदा फिरून यावे, असा त्या दिवसाचा नेम. अक्कांनी शेळीची गोष्ट सांगितली. लांडगा आल्यावर सगळ्यांनी ओरडावयाचे होते, पण छोट्या गटातील दोघे लांडग्याच्याच बाजूने ओरडले. सोमवारी चौकट धरून उभा असलेला मुलगा पहिल्या रांगेत होता. हुक्केरीकडची मुलगी अद्याप फारसे बोलत नव्हती; परंतु बाजारातल्या त्या शेळीवालीने तिला मांडीजवळ ओढून बसविले होते आणि गोष्टीतले एकेक जनावर आले की ती तिच्या कानात विचारी, "ह्याला तुमच्यात काय म्हणत्यात?"

दुपारी आमची शाळा सुटली आणि चिंचेखाली थोरल्या बहिणींची गर्दी झाली. हजेरीपटातील त्या सहाही जणी होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर दप्तर आणि कडेवर एकेक गठुळे. धीट मुलगी मागे रेंगाळली. अक्कांना सोमवारपासून तीन दिवस तालुक्याच्या गावी प्रशिक्षण होते आणि मदतनीस बाईंच्या घरी लग्न, हे तिला आमच्या आधी कळले होते. कडेवरच्या भावाला तिने दुसऱ्या कडेवर घेतले.

"सर, सोमवारी शाळा हाय, पर अंगणवाडी न्हाई. बारक्याला संगट आणू?"

आम्ही पाचवीच्या वर्गाच्या दाराकडे पाहिले. मागच्या कोपऱ्यात नकाशांची पेटी आहे. ती हलविली तर एक सतरंजी मावेल.

"आण," आम्ही म्हणालो. "आणि बाकीच्या पाच जणींनाही सांग."